जवळजवळ सारखं वजन

त्या दिवशी सकाळी आई वजनकाट्यावर चढण्याआधी नेहमीसारखी स्वतःला हलकं करत होती. आधी चष्मा, मग मनगटावरचं घड्याळ, मग कानातलं. कानातल्याची फिरकी तिच्या बोटांत धरता यायची नाही, त्यामुळे त्याला वेळ लागायचा. सगळं खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून झालं की ती एक लांब श्वास बाहेर सोडायची आणि तो परत आत न घेता काट्यावर पाऊल ठेवायची. "हवेलाही वजन असतं, आम्हाला शाळेत शिकवलंय," असं तिचं म्हणणं. मी जेवणाच्या टेबलाशी बसून भांडी धुण्याच्या यंत्राची माहितीपुस्तिका तपासत होते. माझं कामच ते आहे. घरगुती यंत्रांच्या खोक्यात सगळ्यात वर जी पातळ पुस्तिका असते आणि जी यंत्र बिघडेपर्यंत कोणी उघडत नाही, ती मी लिहिते. दार घट्ट बंद झाल्याची खात्री केल्याशिवाय यंत्र सुरू करू नये किंवा कळ दाबू नये, या वाक्यात दोनदा 'नये' आलं होतं आणि त्यातलं एक कसं काढावं हे मला सुचत नव्हतं.

"उतरलं का?" मी विचारलं.

"थांब गं, आधी श्वास घेऊ दे." मग ती खाली वाकून बघत म्हणाली, "उतरलंय. चिमूटभर. मिठाएवढं."

"मीठ कमी करा म्हणाल्यात सासूबाई."

"म्हणू देत. त्यांचं तोंड कोणी धरलंय?"

सासूबाई म्हणजे फोनमधलं अ‍ॅप. पाणी प्यायलात का, चाललात का, जेवणात काय होतं, ताटाचा फोटो कुठे आहे, काल उशिरा का झोपलात, असं ते दिवसभर विचारत राहायचं. ते आल्याच्या दुसऱ्याच दिवशी आईने त्याचं नाव ठेवलं. खऱ्या सासूबाई तिच्या लग्नाआधीच वारल्या होत्या, तेव्हा ती हौस राहून गेली होती, ती म्हणाली, आता वर्गणी भरून भागवून घेते.

"आज कोण आहे?" मी विचारलं.

"आजोबा. गाडी मागे घ्यायला शिकवायचीय. मागे बघतात तेव्हा पुढचं विसरतात, पुढे बघतात तेव्हा मला विसरतात." ती कानातलं परत घालत होती. "आणि संध्याकाळी वेळेवर ये हं बाईसाहेब. दोघींचं चालणं राहिलंय, सासूबाई तोंड फुगवून बसतील." दार लागलं. मग परत उघडलं, कारण चष्मा कट्ट्यावरच राहिला होता. "डोळेच विसरले होते," ती म्हणाली आणि स्वतःच हसली. जिन्यात तिची पावलं खाली गेली, कठड्याला हात लावत, प्रत्येक वळणावर जरा थांबत. मी एक 'नये' काढलं. वाक्य सुटसुटीत झालं. दिवस तसाच सुरू झाला जसे आमचे सगळे दिवस व्हायचे, आणि त्यात आठवणीत ठेवण्यासारखं काही नव्हतं, म्हणून मी तो आता पुन्हा पुन्हा उलटून बघते. जुन्या कोटाचे खिसे बघतो तसा.

आई गाडी शिकवायची. शहरात बायका हे काम करत नव्हत्या तेव्हापासून. तिच्या पायाखाली दुसरा ब्रेक असायचा आणि शेजारी कायम कोणीतरी घाबरलेलं. लहानपणी शाळा सुटली की मी मागच्या सीटवर बसून तिचे धडे संपायची वाट बघायचे. तिथून मला रस्ता दिसायचा नाही. तिची पाठ दिसायची, सीटच्या दोन्ही बाजूंनी बाहेर आलेली, आणि मानेवरची ती घडी, जिच्यात उन्हाळ्यात पावडरची पांढरी रेघ असायची. गाडी गचका खायची, शिकणारा माणूस काकुळतीला यायचा, आई म्हणायची, "काही झालं नाही, गाडीला उचकी लागली," आणि मी त्या पाठीमागे पुस्तक वाचत असायचे. ती पाठ असताना समोरून काही येऊन आपटेल असं माझ्या कधी मनातही आलं नाही. बाबा तिला रणगाडा म्हणायचे. "आला आमचा रणगाडा," ती दारात आली की ते ओरडायचे, आणि पाहुणे हसायचे, आई सगळ्यात मोठ्याने हसायची. बाबा गेल्यावर ते नाव कोणी वापरलं नाही. एकदा जुन्या फोटोंच्या गठ्ठ्यातून स्वतःचा फोटो वर काढून ती म्हणाली, "रणगाडा म्हणायचे ना गं मला?" तिच्या आवाजात राग होता की आठवण, हे मला कळलं नाही आणि मी विचारलं नाही.

अ‍ॅप आलं ते मागच्या वर्षी. गाडीशाळेच्या मालकाने नव्या लहान गाड्या घेतल्या होत्या. एका शिकणाऱ्या बाईने त्याच्याकडे जाऊन सांगितलं की शिक्षिका चांगल्या आहेत, पण गिअर टाकताना हात त्यांच्या मांडीला लागतो, दुसरं कोणी मिळेल का. मालकाने ते आईला सांगितलं, हसत हसत, कारण दोघांची ओळख जुनी होती. आईनेही ते मला जेवताना हसत हसत सांगितलं, त्या बाईचा चाचरता आवाज काढून. "म्हणजे गाडीत पाच गिअर आणि सहावी मी!" ती म्हणाली. मीही हसले. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्यापुढे फोन धरून ती म्हणाली, "ते वजनाचं काय असतं, ते घालून दे मला." दोघींनी मिळून घेतलं तर वर्गणीत सूट होती आणि सोबत वजनकाटा. म्हणून मीही घेतलं. जोडीने करायचं, एकीने नोंद चुकवली की दोघींची साखळी तुटते, असा त्याचा नियम. सुरुवातीला चित्र निवडायला सांगतात. मी बगळा निवडला. आईने तिथे असलेली सगळी जनावरं वरपासून खालपर्यंत शांतपणे बघितली आणि हत्तीवर बोट ठेवलं. "आपणच घेतलेला बरा," ती म्हणाली, "म्हणजे दुसरं कोणी देत नाही."

आजोबा नंतर घरी आले होते. आजोबा म्हणजे कोणाचे आजोबा नव्हेत. निवृत्त झाल्यावर गाडी शिकायला निघालेले एक गृहस्थ, इस्त्रीचा शर्ट, बूट दाराबाहेर नीट जोडून ठेवणारे. खुर्चीच्या टोकावर बसून त्यांनी दादाला आणि मला सांगितलं. बाई म्हणाल्या, गाडी बाजूला घ्या. त्यांनी आरशात पाहिलं, दिवा दिला, वेग कमी केला आणि गाडी बाजूला घेतली, अगदी कडेला समांतर, पहिल्यांदाच. हाताचा ब्रेक ओढला. बाई म्हणाल्या, "छान." मग त्यांनी डोळे मिटले. त्यांना वाटलं, खूश झाल्या. "मी गाडी बंद करून पुढच्या सूचनेची वाट बघत बसलो," ते म्हणाले, "मला वाटलं, आता काय करायचं ते सांगतील." ते रडले. दादाने त्यांना पाणी दिलं. मी त्यांच्या बुटांकडे बघत होते, आणि मला त्यांचा हेवा वाटत होता, कारण त्यांना शेवटी शाबासकी मिळाली होती.

दादाने सगळे फोन केले. तो मोठा आहे, दुसऱ्या शहरात राहतो, विमानतळावरून येतानाच त्याने नातेवाइकांना कळवायला सुरुवात केली होती. मी दार उघडलं तेव्हाही तो फोनवर तेच वाक्य बोलत होता आणि बोलता बोलताच त्याने मला एका हाताने जवळ घेतलं. माझ्या ऑफिसात त्याने कळवलं. शेजाऱ्यांना जिन्यातच कळलं होतं. मावशीला हॉस्पिटलमधल्या नर्सने सांगितलं, कारण ती माझ्याआधी पोचली होती. अशा प्रकारे ते वाक्य सगळीकडे पोचलं आणि मला ते एकदाही म्हणावं लागलं नाही. सुरुवातीला हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं. कामावर परत गेले तेव्हा सगळ्यांना माहीत होतं, लोक माझ्याशी हलक्या आवाजात बोलत होते. किराणा दुकानदाराने विचारलं, "आई दिसल्या नाहीत बऱ्याच दिवसांत," आणि मी म्हणाले, "हो ना." मी खोटं बोलले नव्हते. पिशवी घेऊन घरी येताना मात्र जाणवलं की तोंडात काहीतरी तसंच राहिलंय, न चावलेलं. गेली, वारली, राहिली नाही. आपल्या भाषेत या गोष्टीला किती शब्द आहेत, आणि त्यातले कितीतरी चालण्याफिरण्याचे, जणू माणूस दुकानात गेलाय. मी ते मनात ओळीने लावून बघायचे, पुस्तिकेतल्या वाक्यासारखे. मनात सगळेच बसायचे. जिभेवर एकही येत नव्हता.

वजनकाटा खिडकीखाली तसाच होता. पुसताना मी त्याच्या कडेकडेने पुसायचे. एका सकाळी मी त्यावर का चढले सांगता येत नाही. अंघोळ करून आले होते, पाय ओले होते, फरशी गार होती, आणि काट्यावर रबराचं आवरण असल्यामुळे तो गार लागला नाही, इतकंच कारण असेल. आकडा स्थिर व्हायला तो नेहमी जरा वेळ घेतो. मग काचेखाली चित्र उमटलं. हत्ती. मी खाली बघत राहिले. त्याच क्षणी स्वयंपाकघराच्या फळीवर आईचा फोन वाजला, तो आनंदी टिंग आवाज. मी तो फोन रोज चार्ज करत होते. का, हे विचारायला घरात कोणी नव्हतं. फोनवर रंगीत फुगे वर चढत होते. पुन्हा स्वागत आहे! तुमची आठवण येत होती. साखळी नव्याने सुरू करूया?

असं का झालं ते मला पुरेपूर माहीत होतं. त्या काट्याची पुस्तिका माझी नव्हती, पण मी ती वाचली होती, कारण मी वाचते. काटा माणसाला चेहऱ्याने किंवा आवाजाने ओळखत नाही. ज्याच्या आधीच्या वजनाशी आजचं वजन सगळ्यात जवळ जातं, तो माणूस तोच, असं धरतो. घरातल्या दोन व्यक्तींचं वजन जवळजवळ सारखं असल्यास चुकीची नोंद होऊ शकते, अशा वेळी वापरकर्त्याने स्वतः निवड करावी. ठीक लिहिलं होतं, मीही तसंच लिहिलं असतं. आई वर्षभर उतरत होती. आणि मी, त्या दिवसापासून, स्वयंपाकघरात उभ्या उभ्या खात होते. ताट न घेता. पावाला लोणी, त्यावर साखर, मग नुसतं लोणी. भूक नसायची. फक्त हात रिकामा राहू नये असं वाटायचं. ती खाली येत होती, मी वर जात होते, आणि मध्ये कुठेतरी, ती नसताना, आम्ही दोघी एका आकड्यावर येऊन पोचलो होतो. एवढंच झालं होतं. तरी मी काट्यावरून उतरू शकत नव्हते. पाय वाळले. फरशीवर ओल्या पावलांचे ठसे येत येत काट्यापाशी थांबले होते, आणि मग तेही वाळले.

मी वयात आले तेव्हापासून बायका म्हणायच्या, "अगदी आईची चण आहे हो, पुढे बघा." त्या 'पुढे बघा'ची मला इतकी धास्ती होती की कॉलेजची सगळी वर्षं मी अर्धपोटी काढली. आरशात मी स्वतःला बघायचे नाही, आईला शोधायचे, हनुवटीखाली, दंडावर, आणि सापडली नाही की त्या दिवशी बरं वाटायचं. ती हे ओळखून होती का? माझ्या ताटात वाढताना तिचा हात अर्ध्यावर थांबायचा. "एवढंच?" "एवढंच." मग ती वाढलेलं स्वतःच्या ताटात घ्यायची. आणि तरी ताप आला, परीक्षेची धाकधूक झाली, बाबा गेले, लग्न मोडून मी दोन बॅगा घेऊन परत आले, तेव्हा मी तिच्याच दंडावर डोकं ठेवलं. तो दंड आतून थंड असायचा, उन्हाळ्यातसुद्धा, आणि कान लावला की आत कुठेतरी खोलवर पाणी हलल्यासारखा आवाज यायचा. अ‍ॅप आल्यावर तो दंड बारीक झाला. कातडी सैल लोंबायला लागली. ती आरशासमोर ती कातडी चिमटीत धरून म्हणायची, "बघ, एक माप मोठा कोट घातलाय." मी म्हणायचे, "मस्त दिसतेस." सगळेच म्हणत होते. गाडीशाळेच्या मालकाने पेढे वाटल्यासारखा चेहरा केला होता म्हणे. त्या दिवसांत एकदा चालून आल्यावर दमून मी तिच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि मला हाड लागलं. मी डोकं जरा सरकवलं. तिथेही हाड होतं.

आईच्या फोनवर त्याच दुपारी कोचचा निरोप आला. ही कोच खरी बाई होती, अ‍ॅपच्या कंपनीत बसणारी, अनेकांशी बोलत असणारी. आई तिला 'पोरी' म्हणायची. 'काकू!! किती दिवसांनी! घाबरवलंत मला. बरं आहे ना सगळं?' मी ऑफिसात होते, आईचा फोन माझ्या पर्समध्ये होता. समोर कपडे वाळवण्याच्या यंत्राचा आराखडा उघडा होता. मी लिहिलं, 'बरं नव्हतं मध्ये.' लगेच उत्तर आलं, 'काळजी घ्या. हळूहळू सुरू करू. आज फक्त पाणी.' मी उठून पाणी प्यायले आणि आईच्या फोनवर पेल्याच्या चित्रावर बोट ठेवलं. पेला निळा झाला. घशातून पाणी खाली उतरताना मला स्पष्ट जाणवलं की हे कोणीतरी पितंय.

मग ते रोजचं झालं. संध्याकाळी मी तिचा फोन खिशात घालून चालायला जायचे, आम्ही दोघी जायचो त्याच रस्त्याने, बंद पडलेल्या सिनेमागृहावरून, पाण्याच्या टाकीला वळसा घालून. माझा स्वतःचा फोन घरी राहायचा. त्यामुळे माझ्या फोनवर सासूबाईंची बोलणी यायला लागली. तुमची जोडीदार तुमच्या पुढे निघून गेली आहे. तिला गाठायचं ना? हे वाचून मला हसू आलं, एकटीला, खुर्चीत. आईला दाखवलं असतं तर ती म्हणाली असती, काय बाई सासूबाईंना कळतं! ताटाचे फोटो मी तिच्यासारखे काढायचे, जरा हललेले. झोपायची वेळ तिची लिहायचे. एका सकाळी काट्यावर बगळा आला. मी पुन्हा चढले, पुन्हा बगळा. एखाद्याचा हात गर्दीत सुटावा तसं झालं, खोटं नाही सांगत. मी स्वयंपाकघरात गेले, पाव खाल्ला, केळी खाल्ली, तांब्याभर पाणी प्यायले, पोट तट्ट झालं तरी प्यायले, आणि परत येऊन उभी राहिले. हत्ती आला. मी तिथेच, खिडकीच्या कट्ट्याला धरून, बराच वेळ उभी होते. बाहेर समोरच्या इमारतीत कोणी गादी झटकत होतं. आपण वेडेपणा करतोय हे मला दिसत होतं. दिसणं आणि थांबणं यांचा एकमेकांशी काही संबंध असतो असं मला पूर्वी वाटायचं.

ऑफिसात बाजूच्या टेबलावरची बाई म्हणाली, "जरा भरलीस गं. बरी दिसतेस. मध्ये अगदी काडी झाली होतीस." मी थँक्यू म्हणाले. आईच्या वतीने म्हणाले असं वाटलं.

दादाचा फोन रविवारी येतो. "बँकेचं झालं एकदाचं," तो म्हणाला, "खातं बंद केलं. आता फोनचंही बंद करून टाकू का?"

"राहू दे ना."

"अगं, कशाला? कोण वापरतंय?"

"फोटो आहेत त्यात."

"फोटो काढून घे. मी शिकवतो कसं ते."

"मला येतं रे दादा. मी यंत्रांच्या पुस्तिका लिहिते."

"हो, आणि तुझं तू वाचत नाहीस." तो हसला, मग थांबला. "जेवतेस ना नीट?"

"जरा जास्तच."

"चल, काहीतरी बरं झालं," तो म्हणाला. त्याच्या मागे त्याच्या मुलांचा गोंधळ चालला होता. त्याला मी काही सांगू शकले असते. पण त्याचा आवाज इतका सावरलेला होता की त्यावर काही ठेवायची भीती वाटली. त्याच्याकडे आईचं मरण व्यवस्थित होतं, कागद पूर्ण, सह्या झालेल्या. माझ्याकडे ते अजून पाणी पीत होतं.

खातं बंद झाल्यामुळे वर्गणी अडकली. ते माझ्या लक्षात आलं नाही, यायला हवं होतं. सुट्टीच्या दिवशी दुपारी मी कपड्यांच्या घड्या घालत होते तेव्हा आईचा फोन वाजला. टिंग नव्हे. खरा वाजला, टेबलावर थरथरत. आईच्या फोनवर आता कोणी फोन करत नाही. मी उचलला कारण तो थांबेना.

"काकू? मी बोलतेय. तुमची पोरगी," पलीकडची बाई म्हणाली आणि हसली. आवाज मला वाटला होता त्याहून मोठ्या वयाचा होता, सर्दीने बसलेला. "ओळखलंत का? आज खराखुरा फोन केला. ते वर्गणीचं काहीतरी अडकलंय म्हणून ऑफिसने सांगितलं, पण ते जाऊ दे, ते होईल. मलाच बोलायचं होतं."

माझा श्वास तिला ऐकू जात असणार.

"काकू, रागावू नका. पण हल्ली तुम्ही नुसते आकडे टाकता. सगळं वेळेवर, एकही नागा नाही. माझी वरिष्ठ तर म्हणते, या काकूंकडून शिकायला पाहिजे. पण मला..." तिने नाक ओढलं. "पूर्वी पाण्याचा पेला टाकला तरी खाली काहीतरी लिहिलेलं असायचं. सासूबाईंना सांग, सून बुडाली म्हणून. मी आमच्याकडे सगळ्यांना वाचून दाखवायचे. आता किती दिवस झाले, एक थट्टा नाही. मी म्हटलं काहीतरी बिनसलंय. आहात ना बऱ्या? काकू? एक शब्द बोला ना, बरं वाटेल मला."

फोनवर आमच्या दोघींचा आवाज सारखा येतो. मावशीसुद्धा फसायची, मला अर्धं गाऱ्हाणं सांगून झाल्यावर विचारायची, तूच का गं. मला फक्त 'अगं पोरी' एवढं म्हणायचं होतं. ते ओठांपर्यंत आलं होतं, त्याच्या पुढची थट्टासुद्धा सुचली होती, सर्दीवरची, आणि ती चांगली होती, आईने केली असती अशीच. ती हसली असती, फोन ठेवला असता, वर्गणी कशीतरी भरता आली असती, आणि उद्या सकाळी पुन्हा काटा, खिडकी, ओले पाय. हे कायम चालू शकलं असतं. मी फक्त नीट खायला हवं होतं. माझ्या मांडीवर आईचा टॉवेल अर्धा घडी केलेला होता. इतक्या दिवसांत मी पाणी प्यायले, चालले, झोपले, आकडा सांभाळला, आणि जे एक फक्त तिलाच यायचं ते मला आलं नव्हतं, आणि या अनोळखी बाईला, जिने तिला कधी पाहिलंही नाही, तेवढ्यावरून ती नाहीशी झाल्याचं कळलं होतं. मला सोडून, घराबाहेर दुसरंही कोणीतरी तिची वाट बघत होतं. हे मी कधी धरलंच नव्हतं.

"मी त्यांची मुलगी बोलतेय," मी म्हणाले.

"अय्या! बगळा?" ती म्हणाली. "सॉरी हं, त्या तसंच म्हणायच्या. काकू आहेत का जवळ? झोपल्यात?"

"नाही. आई गेली."

"कुठे?"

तिने ते इतक्या सहज विचारलं की माझ्याकडे पुन्हा एक संधी आली. बाहेर गेलीय, शिकवायला गेलीय, येईल. मी टॉवेल खाली ठेवला.

"वारली. शिकवताना, गाडीत. बरेच दिवस झाले."

पलीकडे ऑफिसचा आवाज येत होता, लांबून कोणीतरी कोणाला तरी अभिनंदन म्हणत होतं. मग ती अगदी हळू म्हणाली, "पण मी तर परवापर्यंत त्यांच्याशी..."

"माझ्याशी."

"म्हणजे पाणी वगैरे सगळं..."

"मीच."

ती रागावेल असं मला वाटलं. तिला तो हक्क होता. तिने फोन बाजूला धरून नाक पुसलं, आणि परत आली तेव्हा तिचा आवाज अधिकच बसला होता. "मला काय बोलावं कळत नाहीये ताई. आम्हाला याचं काही शिकवत नाहीत." मग, काहीतरी दिलंच पाहिजे म्हणून, जवळ होतं ते तिने दिलं. "एक सांगते. खूप मन लावून केलं हो त्यांनी. इतकं उतरवलं होतं. अगदी जवळ आल्या होत्या. किती खूश असायच्या, आकडा खाली आला की."

"हो, असायची."

"तुम्हालाही किती अभिमान वाटत असेल."

मी हो म्हणणार होते. तयार होतं ते, वर्षभराच्या सवयीचं. खोलीत दुपारचं ऊन टेबलापर्यंत आलं होतं. माझा आवाज मला बाहेरून ऐकू आला, मोठा, शेजारी जाईल इतका.

"नाही," मी म्हणाले. "मला ती जाडच आवडायची. जाड होती तेव्हाच फार छान दिसायची माझी आई. मी तिला कधी म्हणाले नाही."